सीमाशुल्क विभागाने केलेला बेकायदेशीर लिलाव आणि नुकसानभरपाई

सीमाशुल्क विभागाने केलेला बेकायदेशीर लिलाव म्हणजे आयात, निर्यात किंवा तस्करीच्या संशयावरून विभागाच्या ताब्यात आलेला माल कायद्याने घालून दिलेली पद्धत न पाळता, किंवा मूळ जप्तीच टिकणारी नसताना, विकून टाकणे होय. अशा विक्रीनंतर माल परत मिळण्याची शक्यता बहुधा संपलेली असते. त्यामुळे मालकाने मागितलेली भरपाई द्यावी की नाही, ती किती असावी आणि ती कोणी द्यावी, हे प्रश्न न्यायालयासमोर येतात. भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मधील काही कलमे, भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील निक्षेपाची तत्त्वे, संविधानातील अनुच्छेद ३०० व ३००अ आणि न्यायालयांचे निकाल यांतून हा कायदा आकाराला आला आहे. गुजरात राज्य विरुद्ध मेमन महमद हाजी हसम (१९६७) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यात मध्यवर्ती मानला जातो.

जप्ती, सरकारजमा आणि विक्री

बोलीभाषेत या तिन्हींसाठी सरसकट ‘जप्ती’ हा शब्द वापरला जातो. कायद्याने मात्र त्या वेगळ्या अवस्था आहेत आणि भरपाईचा हक्क त्यांपैकी कोणत्या अवस्थेत उत्पन्न होतो यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

पहिली अवस्था जप्तीची. माल सरकारजमा होण्यास पात्र आहे असे मानण्यास सबळ कारण असेल, तर कलम ११० खाली अधिकारी पंचनामा करून तो ताब्यात घेतो. या वेळी ताबा सरकारकडे जातो, मालकी जात नाही. दुसरी अवस्था सरकारजमा होण्याची. कलम १२४ नुसार मालकाला कारणे दाखवा नोटीस देऊन आणि त्याचे म्हणणे ऐकून घेऊन अधिकारी तसा आदेश देऊ शकतो, आणि कलम १२६ नुसार त्या आदेशाने मालाची मालकी केंद्र सरकारकडे जाते. माल प्रतिबंधित नसेल, तर सरकारजमा करण्याऐवजी दंड भरून तो सोडवून घेण्याचा पर्याय कलम १२५ खाली मालकाला द्यावाच लागतो. प्रतिबंधित मालाबाबत हा पर्याय देणे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेले आहे. तिसरी अवस्था विक्रीची.

गुंतागुंत दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेच्या मध्ये आहे. सरकारजमा करण्याच्या आदेशाविरुद्ध आयुक्तांकडे (अपील), तेथून सीमाशुल्क, उत्पादनशुल्क व सेवाकर अपील न्यायाधिकरणाकडे आणि पुढे उच्च व सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागता येते. विमान प्रवाशांच्या सामानासारख्या काही बाबींत न्यायाधिकरणाऐवजी केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्ज करावा लागतो. या प्रवासाला काही वर्षे लागतात. दरम्यान माल गोदामात पडून असतो, जागा अडते, काही वस्तू नासतात, काहींची किंमत उतरते. विभागाला तो विकून मोकळे होण्याची घाई असते, तर मालकाला अपील जिंकल्यावर तोच माल हवा असतो. दोन्ही गरजा खऱ्या आहेत, आणि बहुतेक वाद या ओढाताणीतून उभे राहतात.

लिलावाची कायदेशीर चौकट

सीमाशुल्क कायद्याखाली विक्रीचे प्रसंग मुख्यतः तीन आहेत. बंदरात किंवा विमानतळावर उतरवलेला माल तीस दिवसांत सोडवून घेतला नाही, तर कलम ४८ नुसार तो ज्याच्या ताब्यात आहे ती संस्था, म्हणजे बंदर प्रशासन किंवा गोदामचालक, आयातदाराला नोटीस देऊन आणि सीमाशुल्क अधिकाऱ्याची परवानगी घेऊन विकू शकते. मुंबई व न्हावा शेवा यांसारख्या बंदरांतील पडून राहिलेल्या कंटेनरचा लिलाव याच तरतुदीखाली होतो. दुसरा प्रसंग कलम ११०(१अ) चा आहे. नाशवंत किंवा धोकादायक स्वरूप, काळाबरोबर होणारी किंमतघट, साठवणुकीची अडचण अशा कारणांसाठी केंद्र सरकारने अधिसूचित केलेला माल जप्तीनंतर लगेच, म्हणजे सरकारजमा होण्याआधीही, विकता येतो. मात्र त्यासाठी अधिकाऱ्याने मालाची तपशीलवार यादी करून ती दंडाधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. तिसरा प्रसंग सरकारजमा झालेल्या मालाच्या विक्रीचा.

सरकारजमा न झालेला माल विकताना कलम १५० लागू होते. मालकाला नोटीस देऊन जाहीर लिलावाने, निविदेने किंवा मालकाच्या संमतीने अन्य रीतीने विक्री करावी, असे ते सांगते. विक्रीतून आलेल्या रकमेतून आधी विक्रीचा खर्च, मग वाहतुकीचे भाडे, त्यानंतर शुल्क, मग माल सांभाळणाऱ्या संस्थेचे आकार आणि शेवटी सरकारची अन्य येणी वजा होतात. उरलेली रक्कम मालकाची. या क्रमात मालक सर्वांत शेवटी उभा आहे, हे भरपाईचा विचार करताना लक्षात ठेवावे लागते.

कलम १५० मधील नोटीस ही केवळ औपचारिकता नव्हे. ती मिळाल्यावर मालक शुल्क किंवा दंड भरून माल सोडवू शकतो, कलम ११०अ खाली तात्पुरत्या सुटकेचा अर्ज करू शकतो, अपील न्यायाधिकरणाकडून स्थगिती मिळवू शकतो, आणि काहीच जमले नाही तरी योग्य किंमत यावी म्हणून बोली लावणारे आणू शकतो. नोटिशीशिवाय झालेल्या लिलावात हे सर्व मार्ग एकाच वेळी बंद होतात.

लिलाव बेकायदेशीर केव्हा ठरतो

सर्वांत स्पष्ट प्रकार म्हणजे नोटीस न देता केलेली विक्री. जुन्या पत्त्यावर पाठवून परत आलेली, किंवा लिलावाची तारीख उलटून गेल्यावर पोहोचलेली नोटीसही बऱ्याच वेळा वादाचा विषय होते. स्थगिती आदेश असताना केलेली विक्री याच वर्गात मोडते, आणि तेथे न्यायालयाच्या अवमानाचाही प्रश्न येतो.

दुसरा प्रकार मुदतीचा आहे. जप्तीनंतर सहा महिन्यांत, आणि सक्षम अधिकाऱ्याने लेखी कारणे देऊन मुदत वाढवल्यास आणखी सहा महिन्यांपर्यंत, कारणे दाखवा नोटीस दिली नाही, तर कलम ११०(२) नुसार माल ज्याच्याकडून घेतला त्याला परत करावा लागतो. या मुदतीनंतर विभागाकडे असलेला ताबाच कायदेशीर राहत नाही. मग त्या ताब्याच्या जोरावर केलेली विक्री कायदेशीर ठरण्याचा प्रश्न उरत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड आहे. लिलाव झाला त्या दिवशी सरकारजमा करण्याचा आदेश अस्तित्वात होता आणि कागदोपत्री सर्व ठीक होते, पण पुढे अपिलात तो आदेश रद्द झाला. विक्रीच्या दिवशी मालकी सरकारकडे होती, म्हणून विक्री वैध, असा युक्तिवाद विभाग करतो. त्यावरचे उत्तर असे की, रद्द झालेल्या आदेशामुळे सरकारकडे गेलेली मालकी त्या आदेशाबरोबरच नाहीशी होते. विकत घेणाऱ्याचा हक्क अबाधित राहिला, तरी मूळ मालकाशी असलेला सरकारचा हिशेब संपत नाही. याच मुद्द्यावर १९६७ चा निकाल उभा आहे. पण त्याआधीचा कायदा मालकाला फारसा अनुकूल नव्हता.

सार्वभौम कार्याचा बचाव

नोकरांच्या चुकीबद्दल सरकारवर दावा चालतो का, या प्रश्नाची सुरुवात कंपनी सरकारच्या काळात झाली. कलकत्त्याजवळ खिदिरपूरच्या सरकारी गोदीत मजूर नेत असलेला लोखंडाचा जड तुकडा खाली पडला, त्या आवाजाने एका खासगी जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा बुजला आणि जखमी झाला. १८६१ साली कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी सरकारला जबाबदार धरले. दाव्याची रक्कम अवघी ३५० रुपये होती. निकालात मात्र असा भेद केला गेला की, खासगी माणूसही करू शकेल अशा कामांत सरकार जबाबदार असेल आणि सार्वभौम सत्तेच्या वापरात नसेल. संविधानाच्या अनुच्छेद ३०० ने सरकारवरील दाव्यांची व्याप्ती संविधानपूर्व स्थितीशी जोडल्यामुळे हा भेद स्वतंत्र भारतातही आला.

त्याचा पुरता परिणाम कस्तुरीलाल रलियाराम जैन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात दिसला. सप्टेंबर १९४७ मध्ये अमृतसरच्या एका पेढीचा भागीदार सोने-चांदी विकण्यासाठी मेरठला आला असताना पोलिसांनी त्याला चोरीच्या मालाच्या संशयावरून ताब्यात घेतले. पुढे त्याची सुटका झाली आणि चांदी परत मिळाली. सोने मात्र मिळाले नाही, कारण मुद्देमालाचा कारभार पाहणारा हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळून गेला होता. सोने सरकारी कोषागारात ठेवण्याचा नियम पाळला नव्हता, म्हणजे निष्काळजीपणा उघड होता. तरीही २९ सप्टेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने दावा फेटाळला. अटक करणे, झडती घेणे आणि मुद्देमाल ताब्यात ठेवणे ही कायद्याने दिलेली सार्वभौम स्वरूपाची कार्ये आहेत, त्यामुळे ती पार पाडताना नोकराने केलेल्या अपकृत्याबद्दल राज्य जबाबदार नाही, असे पीठाने ठरवले. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर मूळचे साताऱ्याचे होते. कायद्याची ही स्थिती समाधानकारक नाही आणि संसदेने त्यात लक्ष घालावे, असेही त्यांनी निकालात नमूद केले. तसा कायदा करण्यासाठी साठच्या दशकात विधेयके मांडली गेली, पण ती संमत झाली नाहीत.

हाच नियम सीमाशुल्काला लावला, तर विभागाने ताब्यात घेतलेल्या मालाचे काहीही झाले तरी मालकाला दाद उरली नसती.

जुनागढच्या वाहनांचा खटला

१९४७ साली जुनागढ संस्थानाच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी एका वाहनमालकाच्या दोन मालमोटारी, एक स्टेशन वॅगन आणि अन्य सामान ताब्यात घेतले. वाहनांवरील आयातशुल्क भरले नव्हते आणि त्यांचा उपयोग तस्करीसाठी होत होता, असा आरोप होता. त्या वर्षाच्या उत्तरार्धात जुनागढची स्थिती अस्थिर होती. नवाबाने पाकिस्तानात सामील होण्याचा निर्णय घेतला, नंतर तो कराचीला निघून गेला, आणि ९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारने संस्थानाचा कारभार हाती घेतला. पुढे जुनागढ सौराष्ट्रात, सौराष्ट्र १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि तेथून १९६० मध्ये गुजरातेत गेले. दावा सर्वोच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत बाजू लढवण्याची वेळ गुजरात राज्यावर आली होती.

वाहने सरकारजमा करण्याचा आदेश झाला आणि मालकाने त्याविरुद्ध महसूल न्यायाधिकरणाकडे अपील केले. अपील प्रलंबित असताना वाहने उघड्यावर, देखभालीशिवाय पडून राहिली. त्यांचे सुटे भाग एकेक करून नाहीसे झाले आणि शेवटी जवळजवळ सांगाडेच उरले. त्यानंतर पोलिसांनी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून हा बेवारस माल असल्याचे सांगितले. त्या काळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५२३ खाली विक्रीचा आदेश मिळाला आणि सांगाडे विकले गेले. ज्या मालाच्या मालकाचे अपील सरकारच्याच एका न्यायाधिकरणात चालू होते, तो माल बेवारस ठरवण्यात आला. पुढे न्यायाधिकरणाने सरकारजमा करण्याचा आदेश रद्द केला आणि वाहने परत करण्यास सांगितले, तेव्हा परत करण्यासारखे काही शिल्लक नव्हते.

मालकाने वाहने किंवा त्यांची किंमत मिळावी म्हणून दिवाणी दावा लावला. राज्याचे म्हणणे मुख्यतः असे होते की, निक्षेप हा करारातून उत्पन्न होतो आणि येथे मालक व सरकार यांच्यात कोणताही करार नव्हता. वाहने कायद्याने दिलेल्या अधिकाराखाली घेतली होती आणि त्यांची विक्री दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने झाली होती.

निक्षेप म्हणजे एकाची वस्तू विशिष्ट कारणासाठी दुसऱ्याच्या ताब्यात असणे आणि ते कारण संपल्यावर ती परत करण्याचे बंधन ताबा असलेल्यावर असणे. दुरुस्तीसाठी दिलेले घड्याळ किंवा गहाण ठेवलेला दागिना ही त्याची नेहमीची उदाहरणे. करार अधिनियमाच्या कलम १५१ नुसार निक्षेपग्राहीने सामान्य समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यावी लागते.

३ मे १९६७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील फेटाळले. करार अधिनियमात करारातून आलेल्या निक्षेपाचाच विचार असला, तरी कराराशिवाय निक्षेप होऊच शकत नाही असे नाही, असे न्यायालयाने म्हटले. हरवलेली वस्तू सापडणाऱ्याचा मालकाशी कोणताही करार झालेला नसतो, तरी कायदा त्याला निक्षेपग्राही मानतो. त्याहून महत्त्वाचा भाग पुढचा आहे. जप्तीचा अधिकार सीमाशुल्काचा गुन्हा घडला असण्यावर किंवा तसा संशय असण्यावर अवलंबून असतो. अधिकाऱ्याचा आदेश अंतिम नसून अपिलाच्या अधीन असतो. अपिलात तो टिकला नाही, तर माल परत करावा लागणार हे कायद्यातच गृहीत आहे. म्हणून आदेश अंतिम होईपर्यंत माल जसाच्या तसा परत करता येईल अशा स्थितीत सांभाळण्याचे बंधन सरकारवर आपोआप येते. सरकारला निक्षेपग्राही मानले नाही, तरीही माल परत करण्याचे, आणि स्वतःच्या किंवा नोकरांच्या कृतीमुळे तो परत करणे अशक्य झाले असल्यास त्याची किंमत देण्याचे, वैधानिक बंधन उरतेच.

दंडाधिकाऱ्याच्या आदेशाचा आधारही न्यायालयाने मानला नाही. विल्हेवाटीच्या आदेशाने मालकाचा परत मागण्याचा हक्क पुसला जात नाही, आणि हा आदेश तर माल बेवारस असल्याच्या खोट्या निवेदनावर मिळवला होता.

कस्तुरीलाल आणि हसम या निकालांमध्ये तीन वर्षांचेही अंतर नाही. दोन्हीकडे माल १९४७ साली कायद्याच्या अधिकाराखाली सरकारच्या ताब्यात गेला आणि सरकारी माणसांच्या हातून नाहीसा झाला. तरी निष्कर्ष उलट निघाले. फरक प्रश्नाच्या मांडणीत आहे. पहिल्या खटल्यात नोकराच्या अपकृत्याची जबाबदारी राज्यावर येते का, असा प्रश्न होता. दुसऱ्यात वस्तू परत करण्याचे राज्याचे स्वतःचे बंधन आहे का, हे पाहिले गेले. हसम निकालाने कस्तुरीलाल रद्द केला नाही. त्याने मालकांना दुसरी वाट दाखवली, आणि नंतरच्या बहुतेक दाव्यांनी तीच धरली. दावा कसा मांडला यावर निकाल इतका अवलंबून असावा, ही त्या काळच्या कायद्याची उणीवच म्हणावी लागेल.

एन. नागेंद्र राव निकाल

ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये बरीचशी भरून काढली. एन. नागेंद्र राव आणि कंपनी विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य हा खटला सीमाशुल्काचा नव्हता. अत्यावश्यक वस्तू अधिनियमाखाली १९७५ मध्ये एका व्यापाऱ्याचा खतांचा साठा जप्त झाला होता. साठा खराब होऊ नये म्हणून त्याची वेळीच विक्री करावी, अशी विनंती वारंवार करूनही अधिकाऱ्यांनी ती केली नाही. पुढे साठ्याचा मोठा भाग परत करण्याचा आदेश झाला, तेव्हा खत निरुपयोगी झालेले आढळले.

जुनागढच्या खटल्यात विकायला नको असलेला माल विकला गेला होता आणि येथे विकायला हवा असलेला माल विकला गेला नाही. जबाबदारीचे तत्त्व मात्र एकच निघाले. सार्वभौम आणि असार्वभौम कार्यांचा जुना भेद कल्याणकारी राज्यात फारसा उपयोगाचा राहिलेला नाही, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार यांसारख्या मोजक्या कार्यांपलीकडे राज्याला असा बचाव घेता येणार नाही आणि नागरिकाच्या मालमत्तेवर कायद्याने अधिकार चालवणाऱ्या अधिकाऱ्याच्या निष्काळजीपणाची भरपाई राज्याने करावी, असे न्यायालयाने ठरवले. व्यापाऱ्याला एक लाख रुपयांहून अधिक रक्कम व्याजासह मिळाली. सीमाशुल्काच्या दाव्यांत हसम आणि नागेंद्र राव हे दोन निकाल आता जोडीनेच उद्धृत केले जातात.

भरपाईची मोजणी

जबाबदारी सिद्ध झाल्यावर खरा वाद रकमेचा असतो. विभागाची भूमिका सहसा अशी असते की, लिलावात जे आले त्यातून देणी वजा जाता उरेल ते मालकाला द्यावे. मालक बाजारभाव मागतो. दोन्हींतला फरक एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल.

समजा, एका मालाचा भारतातील घाऊक बाजारभाव १५ लाख रुपये होता आणि त्यावर भरावयाचे शुल्क ३ लाख रुपये होते. लिलावात त्याला ६ लाख रुपये आले. कलम १५० च्या क्रमाने ३० हजार रुपये विक्रीचा खर्च, ३ लाख रुपये शुल्क आणि १ लाख २० हजार रुपये गोदामभाडे वजा केले, तर मालकाच्या हाती १ लाख ५० हजार रुपये येतात. लिलाव झाला नसता आणि माल वेळेवर सुटला असता, तर शुल्क भरून त्याच्याकडे १२ लाख रुपयांचे मूल्य राहिले असते. दोन हिशेबांत आठपट अंतर आहे.

कलम १५० चा क्रम कायदेशीर विक्रीसाठी आहे. विक्रीच बेकायदेशीर असेल, तर त्या क्रमाचा लाभ विभागाला द्यावा का, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा ठरतो. लिलावातील किंमत ही दबावाखालील विक्रीची किंमत असते. बोली लावणाऱ्याला मालाची हमी मिळत नाही, माल बहुधा एकगठ्ठा विकला जातो आणि बोलीदार मोजके असतात. लिलाव आता इंटरनेटवरून होऊ लागल्याने बोलीदारांचे वर्तुळ वाढले असले, तरी ही मूलभूत स्थिती तशीच आहे. मालकाचे नुकसान त्याने गमावलेल्या मूल्याइतके असते. सरकारने कमावलेल्या रकमेने ते मोजता येत नाही.

बाजारभाव मान्य केला तरी तो कोणत्या दिवसाचा, हे ठरवावे लागते. दुसऱ्याच्या मालाची आपला असल्यासारखी विल्हेवाट लावण्याच्या अपकृत्यात सामान्य नियम विल्हेवाटीच्या दिवशीच्या किमतीचा आहे, आणि त्या दिवसापासून व्याज दिले जाते. इलेक्ट्रॉनिक वस्तू, कापड, यंत्रांचे भाग अशा किंमत उतरणाऱ्या मालाबाबत हा नियम मालकालाही परवडतो. सोन्याबाबत तो परवडत नाही. विकल्याच्या दिवसाचा भाव आणि अपील जिंकल्याच्या दिवसाचा भाव यांत व्याजाने भरून न निघणारी तफावत पडू शकते. दंड भरून सोने सोडवण्याचा आदेश मिळालेल्या प्रवाशाला जुन्या दराची रक्कम मिळाली, तर तेवढ्यात त्याला तितके सोने विकत घेता येत नाही.

अशा प्रकरणांत न्यायालये वस्तूच्या बदल्यात वस्तू, किंवा अलीकडचा बाजारभाव, या दिशेने गेलेली दिसतात. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई विमानतळावरील जप्तीच्या एका प्रकरणात, प्रवाशांचे कायदेशीर मार्ग संपण्याआधी त्यांचे सोने परस्पर विकून टाकणे बेकायदेशीर ठरवले आणि तितकेच सोने किंवा त्याचा बाजारभाव देण्याचा आदेश दिला. अनुच्छेद ३००अ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, हा त्यामागचा मुख्य आधार होता. सोने कलम ११०(१अ) खालील अधिसूचित वस्तूंत मोडते, या युक्तिवादाने फारसे साध्य होत नाही. सोने नासत नाही, त्याला जागाही थोडी लागते, आणि विक्रीची परवानगी असणे म्हणजे नोटीस न देण्याची परवानगी असणे नव्हे.

मालाची स्थिती आणि दर्जा यांचा पुरावा हा आणखी एक अडसर आहे. माल विकला गेल्यावर त्याची तपासणी करता येत नाही. मालक आयातीचे बिल, विमापत्र, समकालीन आयातीचे दर आणि जप्तीच्या वेळचा पंचनामा दाखवू शकतो. पंचनाम्यात विभागानेच नोंदवलेली किंमत येथे उपयोगी पडते. शुल्क व दंड आकारताना जास्त किंमत लावायची आणि भरपाई देताना त्याच मालाला कमी किमतीचा ठरवायचे, ही भूमिका टिकवणे विभागाला कठीण जाते. ताब्यातील मालाचे काय झाले हे विभागालाच माहीत असते, त्यामुळे योग्य काळजी घेतली हे दाखवण्याचा भार त्याच्यावर येतो.

बुडालेला नफा, बंद पडलेला कारखाना, ग्राहकाला द्यावा लागलेला दंड यांची भरपाई क्वचितच मिळते. असे नुकसान थेट लिलावामुळे झाले हे पुराव्याने दाखवावे लागते, आणि त्यासाठी दिवाणी दाव्याखेरीज दुसरा मार्ग जवळजवळ नाही.

रिट याचिका की दिवाणी दावा

अनुच्छेद २२६ खालील रिट याचिका जलद असते. नोटीस दिली नाही, स्थगिती मोडली, मुदत उलटली यांसारख्या कागदांवरून स्पष्ट होणाऱ्या बाबींत उच्च न्यायालय लिलाव बेकायदेशीर ठरवून किंमत देण्याचा आदेश देऊ शकते. केवळ पैशाच्या वसुलीसाठी रिट चालत नाही, असा दृष्टिकोन सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मधील सुगनमल निकालात घेतला होता. एबीएल इंटरनॅशनल निकालात (२००४) न्यायालयाने स्पष्ट केले की, राज्याची कृती मनमानी असेल तर मागणी पैशाची आहे एवढ्यावरून याचिका फेटाळता येत नाही. मात्र मालाचा दर्जा किंवा वजन यांवर गंभीर वाद असेल, तर उच्च न्यायालय पक्षकाराला दिवाणी न्यायालयाकडे पाठवते.

दिवाणी दाव्यात साक्षीपुरावा होतो, पण काळ आणि कोर्ट फी दोन्ही लागतात. सरकारविरुद्ध दाव्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. सीमाशुल्क अधिनियमाचे कलम १५५ सद्भावनेने केलेल्या कृतींना संरक्षण देते आणि दाव्याखेरीज अन्य कार्यवाहीसाठी एक महिन्याची पूर्वसूचना व तीन महिन्यांची मुदत घालते. विभाग या कलमाचा आधार जवळजवळ प्रत्येक प्रकरणात घेतो. पण अपील चालू असल्याचे ठाऊक असताना नोटिशीशिवाय माल विकणे ही सद्भावनेने केलेली कृती म्हणून मांडणे अवघड असते. शिवाय हसम निकालातील बंधन माल परत करण्याचे आहे. ते अधिकाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नाही.

भरपाईच्या रकमेविरुद्ध अपील झाल्यास वरिष्ठ न्यायालय ती सहसा बदलत नाही. किमतीची तारीख चुकीची धरली, शुल्काची वजावट केलीच नाही किंवा दोनदा केली, व्याज कारण न देता नाकारले, अशी तत्त्वाची चूक दिसली तरच हस्तक्षेप होतो. न भरलेले शुल्क वजा करण्यास न्यायालयांची हरकत नसते, कारण माल कायदेशीरपणे सुटला असता तरी ते भरावेच लागले असते.

गोदामभाडे आणि डेमरेज

लिलाव होण्यापूर्वी माल बंदरात किंवा विमानतळाच्या गोदामात अडकून पडला, तर त्या काळाचे डेमरेज कोणी भरावे, हा या विषयातील सर्वांत जाचक भाग आहे. सीमाशुल्क विभागाने माल अन्यायाने अडवला असे नंतर सिद्ध झाले, तरी माल सांभाळणाऱ्या संस्थेचा आकार वसूल करण्याचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण विरुद्ध ग्रँड स्लॅम इंटरनॅशनल (१९९५) या निकालात बहुमताने ठरवले. गोदामचालकाने जागा दिली आणि माल राखला, त्याचा सीमाशुल्काच्या चुकीशी संबंध नाही, असा त्याचा आशय आहे. परिणामी अपील जिंकलेल्या आयातदाराला कधी कधी मालाच्या किमतीहून अधिक डेमरेज समोर दिसते. तो माल सोडवत नाही, आणि न सोडवलेला माल कलम ४८ खाली पुन्हा लिलावाला जातो. या दुसऱ्या लिलावात नोटीस वगैरे सर्व पद्धत पाळलेली असते, त्यामुळे त्याला बेकायदेशीर म्हणता येत नाही. आयातदाराकडे उरतो तो मूळ अडवणुकीबद्दल विभागाकडून डेमरेजची रक्कम मागण्याचा मार्ग. २००९ च्या सीमाशुल्क क्षेत्रातील माल हाताळणी नियमांनी, विभागाने जप्त केलेल्या किंवा अडवून ठेवलेल्या मालावर अधिकृत माल-रक्षकांनी भाडे व डेमरेज आकारू नये असे म्हटले असले, तरी अन्य कायद्यांच्या अधीन राहून, अशी अट त्याच वाक्यात आहे, आणि बंदरांना स्वतःच्या कायद्याने आकार लावण्याचा अधिकार असल्याने ही तरतूद नेमकी कोणाला बांधते यावर वाद होत राहिले आहेत.